जास्वंदीपासून करडईपर्यंत: लेकरांसोबत घरी करायचे फुलांचे प्रयोग

पागोळ्यांखाली ठेवलेल्या बादलीतलं पावसाचं पाणी आणि बोअरचं पाणी, दिसायला दोन्ही सारखीच. परभणीच्या आमच्या घरी एका श्रावणात माझ्या आठ वर्षांच्या भाच्यानं दोन पांढऱ्या वाट्यांमध्ये ही दोन पाणी घेतली आणि दोन्हींत जास्वंदीचा अर्क एकेक चमचा टाकला. पावसाच्या पाण्याची वाटी फिकी गुलाबी झाली. बोअरची जांभळट निळी. "आत्या, बोअरमध्ये कुणी काय कालवलंय गं?" त्यानं विचारलं.

कुणी काही कालवलेलं नव्हतं. मराठवाड्याच्या काळ्या कातळातून झिरपताना पाणी क्षार सोबत घेऊन वर येतं. माठाच्या बुडाशी आणि हिटरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तो त्या क्षारांचाच. आम्ही मोठी माणसं रोज तो थर घासून काढतो आणि विसरतो. त्या दिवशी एका फुलानं तो लेकराला रंगात दाखवला.

तेव्हापासून दरवर्षी ऋतू बदलेल तसे आम्ही फुलांचे प्रयोग करतो. खाली दिलेले सगळे घरात, अंगणात किंवा वावरात करून पाहिलेले आहेत. क्रम पावसाळ्यापासून होळीपर्यंतचा ठेवलाय, कारण फुलं आपल्या सवडीनं येत नाहीत. ज्या महिन्यात हा लेख वाचाल, तिथून सुरुवात करा.

सुरू करण्याआधी

सगळ्यात महत्त्वाचं साहित्य म्हणजे एक जुनी वही. प्रत्येक प्रयोगाला तीन रकाने आखायचे: "मला काय वाटतं", "काय झालं", "का झालं असेल". पहिला रकाना प्रयोगाला हात लावण्याआधी भरलाच पाहिजे, त्यात मी सूट देत नाही. अंदाज लिहून ठेवलेलं लेकरू वाटीकडे वेगळ्याच नजरेनं बघतं, कारण आता त्याचं काहीतरी पणाला लागलेलं असतं. अंदाज चुकला तर खोडायचा नाही. तिसरा रकाना कोरा राहिला तरी चालतो. आमच्या वहीत काही रकाने दोन वर्षांनी भरले गेले.

दुसरी गोष्ट, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन वाट्यांत पाणी वेगळं असेल तर फूल, अर्काचे चमचे आणि वाटी सारखीच हवी. हे लेकरांना तोंडानं सांगून पटत नाही. एकदा मुद्दाम दोन गोष्टी बदलू द्या आणि मग विचारा, "आता रंग कशामुळं बदलला?" त्यांचं तेच सापडतं.

बाकी सामान घरातलंच. चिनी मातीच्या किंवा पांढऱ्या प्लास्टिकच्या सहा-सात वाट्या (स्टीलमध्ये रंग कळत नाही), चहाची गाळणी, औषधाचा ड्रॉपर, भिंग, लिंबू, खायचा सोडा, धुण्याचा सोडा, दोरा, टीपकागद. बहुतेक प्रयोगांना पाणी एक तांब्याभर पुरतं. मार्च-एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहणाऱ्या घरातही हे प्रयोग करता यावेत, म्हणून मापं मी मुद्दाम लहान ठेवली आहेत.

आता काळजीच्या गोष्टी, आणि या मनावर घ्या. कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, धोतरा, रुई, घाणेरी आणि कळलावी ही फुलं लहान लेकरांच्या हाती द्यायचीच नाहीत. यांतली बहुतेक विषारी आहेत आणि रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला मोठी इजा होते. कोणतंही फूल किंवा अर्क चाखायचा नाही, जास्वंदीचासुद्धा. प्रयोगाच्या वाट्या जेवणाच्या वाट्यांपासून वेगळ्या ठेवा. चुना आणि धुण्याचा सोडा मोठ्यांनीच हाताळावा. आणि वावरात फवारणी झालेली असेल तर लेकराला तिकडे नेऊ नका. कापसाच्या वावरात तर मालकाला "फवारा कधी मारला होता?" हे विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. बाजारातून आणलेली फुलं आधी धुऊन घ्या, नंतर हातही साबणानं धुवा.

पहिली ओळख: जास्वंद उलगडून पाहणं

लाल, एकेरी, पाच पाकळ्यांची देशी जास्वंद घ्या. गच्च पाकळ्यांची दुहेरी जात नको, तिच्यात भाग नीट दिसत नाहीत. पांढऱ्या कागदावर फूल ठेवून बाहेरून आत जायचं: आधी हिरवा निदलपुंज, मग पाकळ्यांचा दलपुंज. मधोमध लांब नळी उरते. तिच्यावर पिवळी टोपडी घातलेले बारीक पुंकेसर, आणि नळीच्या टोकाला पाच मखमली लाल ठिपके. ते ठिपके म्हणजे कुक्षी, परागकण झेलणारी जागा. परागकण बोटावर घेऊन भिंगातून पाहिले की रव्यासारखे दिसतात. शेवटी नळीच्या बुडाचा फुगीर अंडाशय मोठ्यांनी ब्लेडनं आडवा कापून दाखवावा. आत पाच कप्पे आणि त्यांत पांढरे बारीक दाणे दिसतात, ती बीजांडं. सगळे भाग वहीत चिकटपट्टीनं लावून नावं लिहा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण पुढं भोपळ्याच्या फुलात नर-मादी ओळखताना हेच कामाला येतं.

पाकळ्या मात्र टाकू नका.

रंग बदलणारं पाणी

चार-पाच जास्वंदींच्या पाकळ्या हातानं फाडून पेल्यात घाला. वरून अर्धा पेला उकळतं पाणी मोठ्यांनी ओतावं, झाकण ठेवावं आणि दहा मिनिटांनी गाळून घ्यावं. लालसर जांभळा, जरा चिकटसर अर्क मिळतो. बऱ्याच जणांना इथं वाटतं की पाकळ्या वाटून घ्याव्यात. वाटू नका, बुळबुळीत लगदा होतो आणि गाळणीतून उतरत नाही.

सहा वाट्यांत दोन-दोन चमचे जारचं किंवा पावसाचं पाणी घ्या. पहिलीत काहीच टाकायचं नाही, ती तुलनेची वाटी. दुसरीत लिंबाचा रस, तिसरीत साखर, चौथीत मीठ, पाचवीत चिमूटभर खायचा सोडा, सहावीत चुन्याची निवळी. निवळीसाठी हरभऱ्याएवढा पानाचा चुना पेलाभर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवायचा आणि वरचं स्वच्छ पाणी अलगद काढायचं. वहीतला पहिला रकाना भरून झाला की प्रत्येक वाटीत चमचाभर अर्क.

लिंबाची वाटी लगेच लालबुंद गुलाबी होते. साखर आणि मीठ काहीच करत नाहीत. लेकरांना हे निराश करणारं वाटतं, पण "काही झालं नाही" हेही दुसऱ्या रकान्यात लिहायचंच. सोड्याची वाटी निळसर हिरवी होते. निवळीची गडद हिरवी, आणि ठेवून दिली तर हळूहळू पिवळट पडते.

कारण सोपं आहे. जास्वंदीच्या लाल रंगात अँथोसायनिन नावाची द्रव्यं असतात. आंबट पाण्यात, म्हणजे आम्लात, त्यांच्या रेणूची ठेवण एक असते आणि अल्कलीत दुसरी. ठेवण बदलली की तो रेणू प्रकाशातला वेगळा भाग शोषतो आणि आपल्याला वेगळा रंग दिसतो. रंग नष्ट झालेला नाही, हे दाखवायला सोड्याच्या हिरव्या वाटीत लिंबू थेंबाथेंबानं पिळा. फेस येतो, हिरवा जाऊन जांभळा येतो, मग पुन्हा गुलाबी. हा फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. आमच्याकडे ही पायरी सलग चार वेळा करावी लागली, कारण प्रत्येकाला स्वतः लिंबू पिळायचं होतं. रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञानं 1664 मध्ये व्हायोलेट फुलांच्या अर्कावर हेच रंगांतर नोंदवलं होतं, हे मोठ्या मुलांना जरूर सांगा.

आता फूल बदला. निळ्या गोकर्णाची दहा-बारा फुलं अशीच गरम पाण्यात ठेवली तर शाईसारखं निळं पाणी मिळतं. लिंबानं ते जांभळं होतं, जास्त लिंबानं किरमिजी, सोड्यानं हिरवट. लहान लेकरांसाठी मी गोकर्णच आधी घेते, बदल डोळ्यात भरतो. मग झेंडू घ्या. त्याचं पिवळं पाणी लिंबानं काही केल्या गुलाबी होत नाही, कारण झेंडूच्या पिवळ्या रंगाची द्रव्यं निराळ्या जातीची आहेत. सगळीच फुलं अशी साक्ष देत नाहीत, हे झेंडूमुळं कळतं.

अर्क फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकतो, मग वास येतो. म्हणून उरलेल्या अर्कात टीपकागदाच्या बोटभर पट्ट्या बुडवा, सावलीत वाळवा, पुन्हा बुडवा, पुन्हा वाळवा, आणि कोरड्या डबीत भरून ठेवा. ही झाली घरची परीक्षापट्टी. ताक, साबणाचं पाणी, पावसाचं पाणी, बोअरचं पाणी, जारचं पाणी, सगळ्यांची पाळी येऊ द्या. वावरातल्या काळ्या मातीचीही परीक्षा घ्या: दोन चमचे माती अर्ध्या पेल्या जारच्या पाण्यात ढवळून रात्रभर निवळू द्यायची आणि सकाळी वरच्या पाण्याचे थेंब पट्टीवर टाकायचे. आपल्या बहुतेक काळ्या जमिनी चुनखडीच्या आणि अल्कधर्मी आहेत. पट्टी गुलाबीकडे जाते की निळ्याकडे, अंदाज आधी लिहून मग बघा. पट्ट्यांची डबी जपून ठेवा, करडईच्या वेळी ती लागणार आहे.

पाणी वर कसं चढतं

यासाठी पांढरं फूल हवं. दांडीसकट निशिगंध मिळाला तर उत्तम, नाहीतर पांढरी शेवंती. अर्ध्या पेला पाण्यात चमचाभर खायचा रंग, लाल किंवा निळा, विरघळवा. रंग गडद हवा, फिकट रंगानं दोन दिवस वाट बघूनही काही दिसत नाही. दांडीचं टोक पाण्याच्या भांड्यात बुडवून, पाण्याखालीच, दोन-तीन सेंटिमीटर तिरपं कापा. बाहेर कापलं तर दांडीतल्या बारीक नळ्यांत हवेचा बुडबुडा शिरतो आणि पाण्याची वाट अडते. मग लगेच रंगाच्या पेल्यात ठेवा. काही तासांत पाकळ्यांच्या कडांना रंगाच्या रेषा दिसू लागतात, रात्र उलटली की फूल चांगलं रंगतं.

मोठ्यांनी दांडी बुडाशी उभी चिरून एक पाय लाल आणि एक निळ्या पेल्यात ठेवला तर फूल दुरंगी होतं. प्रत्येक नळी वर कुठं जाते, हे त्यावरून कळतं.

खरा प्रयोग मात्र पुढं आहे. सारख्या उंचीच्या, सारख्या फुलांच्या दोन दांड्या एकाच रंगात ठेवा. एक पंख्याखाली, दुसरीवर पारदर्शक पिशवी बांधून. पंख्याखालची आधी रंगते. पाकळ्या-पानांतून पाण्याची वाफ जाते, त्या जागी खालचं पाणी ओढलं जातं; पिशवीत हवा दमट होते आणि ओढ मंदावते. हाच प्रयोग एकदा भर पावसाच्या आठवड्यात आणि एकदा एप्रिलमध्ये करून वेळा लिहून ठेवा. आपल्याकडे चाळिशी ओलांडणारा उन्हाळा इथं चांगला उपयोगी पडतो.

श्रावण-भाद्रपदात तेरडा मिळतो. त्याची दांडी रसरशीत आणि अर्धपारदर्शक असते, त्यामुळे लाल पाणी तिच्यात चढताना उजेडासमोर धरून प्रत्यक्ष दिसतं. निशिगंधात शेवट दिसतो, तेरड्यात प्रवास. महालक्ष्म्यांच्या दिवसांत फुलं आणायला जाल तेव्हा दोन दांड्या जास्त आणा. आणि अंगणात तेरडा असेल तर "तेरड्याचा रंग तीन दिवस" ही म्हण तपासून बघा. आज उमललेल्या दहा फुलांच्या देठांना दोरा बांधायचा, रोज सकाळी कोणत्या फुलाचा रंग उतरला, कोणतं गळलं, ते लिहायचं. एका फुलावरून निकाल द्यायचा नाही, म्हणून दहा.

डांगराचं लग्न

मला सर्वांत आवडणारा प्रयोग. लाल भोपळ्याच्या, म्हणजे डांगराच्या वेलाला दोन तऱ्हेची फुलं येतात. नर फूल लांब, बारीक देठावर. मादी फुलाच्या मागं लिंबाएवढं इवलं डांगर आधीच असतं, तो त्याचा अंडाशय. वेलावर सुरुवातीची बरीच फुलं नराचीच येतात. "फुलं येतायत पण डांगर लागत नाही" म्हणून घाबरू नका, थोडे दिवस थांबा.

उद्या उमलतील अशा दोन-तीन मादी कळ्या संध्याकाळी शोधा. पाकळ्यांची टोकं पिवळी झालेली असतात, त्यावरून ओळख पटते. प्रत्येकीवर कागदी पिशवी चढवून दोऱ्यानं सैल बांधा. एका नर कळीवरही पिशवी चढवा, म्हणजे मधमाश्या आपल्याआधी पोचणार नाहीत. डांगराची फुलं सूर्य उगवायच्या सुमाराला उमलतात आणि ऊन चढलं की मिटतात, म्हणून सकाळी सातच्या आत वेलापाशी या. लेकराला उठवणं हाच यातला अवघड भाग आहे.

नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढा. मधला पिवळ्या परागकणांनी माखलेला दांडा उरतो. एका मादी फुलाची पिशवी काढून तिच्या मधल्या जाडसर कुक्षीवर तो हलकेच फिरवा, सगळ्या बाजूंनी, आणि पिशवी परत बांधा. दुसऱ्या मादी फुलाला काहीही करायचं नाही, पिशवी तशीच. तिसरं असेल तर त्याची पिशवी काढून ते मधमाश्यांसाठी मोकळं सोडा. तिन्ही देठांना वेगवेगळ्या रंगाचे दोरे बांधा आणि दोन दिवसांनी पिशव्या काढा.

मग रोज बघायचं. ज्याला पराग मिळाले नाहीत, ते इवलं डांगर पिवळं पडून आठवड्याभरात गळतं. पराग मिळालेलं फुगत जातं. कधी हातानं पराग दिलेलंही गळतं. पाऊस पडून पराग भिजले असतील, किंवा वेलावर आधीच दोन-तीन डांगरं असल्यानं नवीन फळ पोसलं जात नसेल. तेही लिहायचं आणि दुसऱ्या फुलावर पुन्हा करायचं. दोडका किंवा दुधीचा वेल असेल तर हेच सगळं दिवेलागणीला करावं लागतं, कारण ती फुलं संध्याकाळी उमलतात. घोसाळ्याची मात्र सकाळी. एकाच कुंपणावरच्या दोडक्याचं आणि घोसाळ्याचं हे निरनिराळं वेळापत्रक पाहून माझा भाऊसुद्धा थबकला होता, आणि त्याचं सगळं आयुष्य वावरात गेलेलं.

कापसाच्या फुलाचे दोन दिवस

ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात कापसाला पाते (म्हणजे कळ्या), फुलं आणि कैऱ्या (म्हणजे न फुटलेली हिरवी बोंडं) एकाच झाडावर सापडतात. फवारणीची खात्री करून, सकाळी नुकतंच उमललेलं फिकट पिवळसर पांढरं फूल निवडा आणि देठाला लाल दोरा बांधा. दुपारनंतर पाकळ्यांवर गुलाबी झाक येऊ लागते, दुसऱ्या दिवशी फूल गुलाबी-लाल होऊन मिटतं, आणि मग सुकून गळतं. मागं राहते ती कैरी. पांढरं आणि लाल अशी दोन फुलं एका झाडाला येतात असं शहरातून आलेल्या पाहुण्यांना हमखास वाटतं. खरं तर ती आजची आणि कालची फुलं असतात. हा गुलाबी रंगही अँथोसायनिनचाच. गळलेलं लाल फूल घरी आणून गरम पाण्यात ठेवा आणि जास्वंदीसारखीच त्याची परीक्षा घ्या. दोरा बांधलेल्या देठावरची कैरी फुटून बोंड उमलेपर्यंत दिवस मोजत राहा. दीड महिन्याहून जास्त लागतील.

दसऱ्याचा झेंडू

झेंडूचं एक फूल म्हणजे खरं तर फुलांची भरगच्च वस्ती. एकेक "पाकळी" बुडापासून ओढून काढा. प्रत्येकीच्या बुडाला बारीक काडी असते, ते होणारं बी. हारातल्या फुलाच्या वीस आणि झाडावरच पूर्ण सुकलेल्या फुलाच्या वीस काड्या दोन डब्यांत, सारख्या मातीत पेरा. हारातली फुलं कोवळी तोडलेली असतात. किती उगवली ते मोजलं की तोडायची वेळ किती महत्त्वाची, ते मुलांना आकड्यांत दिसतं.

फुलांचं घड्याळ

गुलबक्षी संध्याकाळी किती वाजता उमलते, ते दहा दिवस लिहा, शेजारी ऊन होतं की आभाळ तेही. ऑफिस टाइमचं (पोर्तुलाकाचं) रोप असेल तर त्याला एक प्रश्न विचारा: सकाळी उमलायला ऊन लागतं की ऊब? सारख्या कळ्यांच्या दोन फांद्या पहाटे तोडून पाण्यात ठेवा. एक अंधाऱ्या पण उबदार कपाटात, दुसरी उजेडात पण बर्फाच्या पाण्याच्या भांड्यात. उत्तर इथं मुद्दाम देत नाही.

करडईतला लपलेला रंग

आता ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला ते. परभणी, लातूर, बीड, धाराशिव, कुठल्याही जिल्ह्यातल्या लेकराला करडई म्हणजे तेल आणि काटे एवढंच ठाऊक असतं. पण याच फुलातून एके काळी कापड रंगवलं जायचं. मराठीतला "कुसुंबी" हा शब्द त्याच रंगाचा. संस्कृतात करडईला कुसुंभ म्हणतात, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या एका वाणाचं नावही "परभणी कुसुम" आहे.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, वावरात जेवायला जाल तेव्हा करडई कळ्यांवर किंवा फुलायच्या बेतात असते. तेव्हाच लेकरांना ताटवा दाखवून ठेवा. नवं फूल पिवळं असतं, सुकत जाताना ते नारिंगी, मग लालसर होतं. आपल्याला लालसर झालेल्या पाकळ्या हव्यात, आणि त्या संक्रांतीनंतर मिळतात. मालकाला विचारून, पहाटे दव असताना जा. दवानं काटे मऊ पडलेले असतात, करडईची काढणीही म्हणूनच पहाटे करतात. पाकळ्या मोठ्यांनी हातमोजे घालून ओढाव्यात. दोन मुठी पाकळ्या सावलीत वाळवून घ्या.

या पाकळ्यांत दोन रंग आहेत. पिवळा भरपूर आणि पाण्यात सहज उतरणारा. लाल थोडा आणि साध्या पाण्याला दाद न देणारा. आधी पिवळा घालवायचा, मग लाल बाहेर काढायचा. सगळं पाणी थंड हवं, कारण उष्णतेनं लाल रंग बिघडतो.

पाकळ्या सुती फडक्यात सैल बांधून एका पेला पाण्यात तासभर भिजू द्या, दाबून पिळा, पाणी बदला. असं पाच-सहा वेळा, पाणी जवळजवळ बिनरंगी होईपर्यंत. हे पाणी झाडांना घालता येतं. मुलं इथं कंटाळतात, तेव्हा मी दर वेळचं चमचाभर पाणी ओळीनं वाट्यांत ठेवायला सांगते. पिवळा उतरत जाताना दिसला की कंटाळा जातो.

आता मोठ्यांचं काम. दीड पेला थंड पाण्यात चहाचा एक चमचा धुण्याचा सोडा विरघळवून त्यात पुरचुंडी बुडवा. हातमोजे घालून अधूनमधून दाबा. पाण्याला तपकिरी लाल रंग यायला लागतो. पाऊण-एक तासानं पुरचुंडी घट्ट पिळून काढा. एक थेंब जास्वंदीच्या पट्टीवर टाका, पट्टी हिरवी होते.

जुन्या पांढऱ्या पंचाचा हातरुमालाएवढा तुकडा, खळ निघेपर्यंत धुऊन, ओलाच या पाण्यात टाका. आणि आता लेकराच्या हाती गाळलेला लिंबाचा रस द्या. एकेक चमचा, सावकाश, कारण फेस येतो. पाणी तपकिरीचं उजळ लाल व्हायला लागतं. मधूनमधून पट्टीवर थेंब टाकत राहा. पट्टी हिरवी सोडून गुलाबीकडे वळली की लिंबू थांबवा. श्रावणात केलेल्या पट्ट्या माघात अशा कामाला येतात. भांडं झाकून रात्रभर ठेवा.

सकाळी कापड थंड पाण्यात बुचकळून सावलीत वाळत घाला. गुलाबी निघतं, पाकळ्या जुन्या किंवा कमी असतील तर फिकं, पण गुलाबीच. आमच्या पहिल्या वेळी ते पिवळट विटकरी आलं होतं, कारण पिवळा रंग नीट धुतलाच नव्हता. लाल द्रव्याचं नाव कार्थामिन. अल्कधर्मी पाण्यात ते विरघळतं, आम्ल मिसळलं की विरघळलेलं राहू शकत नाही आणि सुती धाग्याला धरून बसतं. पिवळा रंग सुताला तसा धरत नाही.

एवढ्यावर थांबू नका. कापडाच्या एका कोपऱ्यावर साबण चोळा आणि अंदाज करा. साबण अल्कधर्मी आहे, त्यामुळे तिथला रंग सुटू लागतो. दुसऱ्या तुकड्याचा अर्धा भाग पुठ्ठ्यानं झाकून खिडकीच्या उन्हात पंधरा दिवस टांगा. हा रंग उन्हात उडतो. पुठ्ठा काढल्यावर दोन भागांतली सीमा दिसली की वहीत तारीख घालून तो तुकडा चिकटवा.

होळीचा पळस

फाल्गुनात माळावरचा पळस फुलला की उलट करायचं. करडईला उष्णता चालत नाही, पळसाला उकळावं लागतं. झाडाखाली पडलेली ताजी फुलं दोन ओंजळी वेचा, लेकरांना झाडावर चढवू नका. दोन पेले पाण्यात मोठ्यांनी पंधरा-वीस मिनिटं उकळावं आणि रात्रभर झाकून ठेवावं. सकाळी गाळलं की केशरी-पिवळं पाणी तयार. त्यातलं चार चमचे वेगळं घेऊन चुन्याच्या निवळीचे थेंब टाका, केशरी आणखी गडद होतं. लिंबाचे थेंब टाकले तर फिकं. निवळी टाकलेलं पाणी अंगावर खेळायला वापरू नका, तेवढं वाटीतच राहू द्या. खेळायचं पाणी नुसत्या फुलांचं.

पुढच्या धुळवडीला आमच्याकडे दोन पातेली चुलीवर चढणार आहेत, एक जारच्या पाण्याचं आणि एक बोअरच्या. फुलं मोजून सारखी घ्यायची, वेळ सारखी. भाच्याचा अंदाज वहीत आत्ताच लिहून झालाय.